बिमार गुंड

भंडाऱ्याला पितळेचं शहर म्हणायचे, त्या काळातला तो कारागीर. धंदा बसला, हात बसले नाहीत. कुणाच्याही घरात शिरायचा, पाण्याचा पितळी गुंड उचलायचा, बोटाच्या पेरानं ठोकून कान लावायचा. धड गुंड लांबवर घुमतो, चीर गेलेला तिथल्या तिथे थडकतो. "हा बिमार हाय, बाई," एवढं सांगून पुढच्या घरी. पहिल्या लघुपटाला मला आणखी काय हवं होतं?

वाइड लेन्स लावून मी त्याच्या नाकापाशी भिडलो. त्या लेन्सनं नाक फुगतं, डोळे बाहेर येतात. वॉर्डात पडदा बांधून फिल्म दाखवली. लोक हसले, तोही हसला. निघताना म्हणाला, "बापू, मी येवढा एकला दिसतो का गा?"

मला उत्तर सुचलं नाही. सुमित्रा भावेंच्या फिल्मा पुन्हा काढून बसलो. या बाई समाजकार्यातून आलेल्या, सिनेमाचं शिक्षण नाही. 1985 मध्ये 'बाई' केली आणि पुढे सुनील सुकथनकरांसोबत चौकटीत न मावणाऱ्या माणसांमागे आयुष्यभर चालत राहिल्या. 'देवराई'तला स्किझोफ्रेनियानं घेरलेला शेष, 'कासव'मधला जगणं नकोसं झालेला पोरगा. ('कासव'ला 2016 चं सुवर्णकमळ मिळालं, आमच्या टॉकीजला ती लागल्याचं मला तरी आठवत नाही.) 'अस्तु'तले संस्कृतचे शास्त्री तर स्मृती हरवून हत्तीमागे निघून जातात. शास्त्री झालेले मोहन आगाशे थोरच, पण मी थांबवून थांबवून पाहिली ती माहुताची बायको, अमृता सुभाषची चन्नम्मा. हा परका म्हातारा तिला आई म्हणतो आणि ती होते. शेषलाही बहीण आहे. भावेंच्या फ्रेममध्ये सरकलेला माणूस एकटा सोडलेला नसतो. मी माझ्या कारागिराला नेमकं एकटं सोडलं होतं.

आठवडाभर कॅमेरा न काढता त्याच्या घरी गेलो. तेव्हा सून दिसली. रोज सकाळी भांडी घासून ती ओट्यावर ओळीनं उपडी मांडायची, आणि त्यात एक चिरलेला गुंड मुद्दाम ठेवायची.

या वेळी पन्नासची लेन्स, कॅमेरा चुलीकडून, सुनेच्या पाठीमागे. तो ठोकत ठोकत आला, चिरलेल्या गुंडाशी थांबला.

"हा बिमार हाय, बाई."

तिनं मान वर केली नाही. "कालच्यापेक्षा बरा हाय, मामाजी."