खांदा वळला की

1978 साली लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात क्रफ्ट्सचं श्वानप्रदर्शन भरलं होतं. मुख्य रिंगणातल्या दोन कार्यक्रमांच्या मधे प्रेक्षकांचं मन रमावं म्हणून आयोजकांपैकी जॉन व्हार्ली यांनी पीटर मीनवेल या प्रशिक्षकाला हाताशी धरलं आणि घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीसारखी एक गंमत कुत्र्यांसाठी बसवली. मधला वेळ भरून काढायला जन्मलेल्या या ॲजिलिटी नावाच्या खेळाने पुढे आपल्या भक्तांवर चांगलाच सूड उगवला. आता ॲजिलिटीच्या स्पर्धेत दिवसभर मधला वेळच असतो. पहाटे अंधारात तंबू ठोकायचा, कुत्र्याचा क्रेट लावायचा, घडीच्या खुर्च्या मांडायच्या, यादीत आपला क्रमांक कितवा ते पुन्हा पुन्हा पाहायचं. आणि रिंगणात जायचं ते चाळीसेक सेकंदांसाठी. असं दिवसातून दोनदा.

त्या शनिवार-रविवारी पेनसिल्व्हेनियातल्या एका कौंटी फेअरच्या मैदानावर पाऊस आमच्या आधी येऊन बसला होता. विजा नसतील तर पावसासाठी इथे कोणी थांबत नाही. बोगद्याच्या ताणलेल्या कापडावर थेंब असे वाजत होते की बाहेरून ऐकतानाच वाटावं, आत शिरणाऱ्याच्या कानांचं काय होत असेल. फळ्यांवरची खरखरीत रबरी पूड भिजून काळी पडली होती. वाऱ्याने अधूनमधून एखादी दांडी कुत्र्याने स्पर्शही न करता खाली येई.

माझी चिंगी दक्षिणेकडच्या कुठल्याशा राज्यातल्या निवाऱ्यातून आलेली, चार जातींचं मिश्रण. 2010पर्यंत अमेरिकन केनेल क्लबच्या ॲजिलिटीत वंशावळीचा कागद नसलेल्या मिश्र जातीच्या कुत्र्याला प्रवेश नव्हता. तिला तो आता आहे. कागदपत्रांशिवाय आत घेण्याच्या बाबतीत या देशाने कुत्र्यांना आमच्यापेक्षा लवकर न्याय दिला, असं मी व्हिसाच्या रांगेत काढलेल्या वर्षांना स्मरून म्हणते.

स्पर्धेतला मला सर्वांत आवडणारा भाग मात्र कुत्रा नसतानाचा आहे. परीक्षकाने रचलेला मार्ग त्या दिवशी सकाळीच कळतो. क्रमांकाचे छोटे शंकू ठेवलेले असतात, अठरा ते वीस अडथळे, आणि तो मार्ग पायी फिरून पाठ करायला सात-आठ मिनिटं मिळतात. मग पन्नास-साठ माणसं एकदम रिंगणात उतरतात. रेनकोट घातलेली, गुडघ्याला पट्टे बांधलेली, बहुतेक साठीच्या पुढच्या बायका. हवेतल्या कुत्र्याला हात करतात, गर्रकन वळतात, मोकळ्या जागेकडे पाहून शाबासकी देतात, एकमेकींवर आदळून ‘सॉरी’ म्हणतात आणि पुन्हा पहिल्या शंकूपाशी जातात. ढोलपथकाच्या सरावात ढोल यायच्या आधी पोरं नुसत्या हवेत टिपरू मारतात ना, अगदी तसं. माझी आई तेव्हा इथे आली होती आणि तंबूत शाल पांघरून बसली होती. साताऱ्याच्या घरात तिने कुत्र्याला कधी उंबरा ओलांडू दिला नाही. ती बराच वेळ हे पाहत राहिली आणि म्हणाली, “अगं, या सगळ्यांच्या अंगात आलंय का?”

अंगात येणं हे तिने अगदीच चुकीचं म्हटलं नाही. कारण हा खेळ बोलण्याने होत नाही. नवशिका ओरडतो, कुत्रा पायांकडे बघतो. तुमची छाती जिकडे, त्याचा पुढचा अडथळा तिकडे. बारा खांबांच्या रांगेत शिरताना पहिला खांब त्याच्या डाव्या खांद्याशी यायला हवा, खांबाखांबांत अंतर चोवीस इंच, आणि ती नागमोडी धाव पुरी व्हायच्या आत तुम्ही जरा अधीर होऊन पुढे झुकलात तर दहाव्या खांबाशी तो बाहेर येतो. तुम्ही झुकलात म्हणून तोही निघाला. मी दिवसभर ऑफिसात दोन भाषांत माणसं सांभाळते. नको असलेल्या गोष्टीला ‘बघू’ म्हणते, रागाला ‘नोटेड’ म्हणते. चिंगीपुढे यातलं काही चालत नाही. तोंडाने ‘चल’ म्हणताना खांदा ‘थांब’ म्हणत असेल, तर ती खांद्याचं ऐकते. इतकं खरं माझं दुसरं कोणीच ऐकत नाही, आणि ते तसं ऐकलं जाणं दर वेळी सुखाचं असतं असंही नाही.

सर्वांत वरच्या मास्टर्स वर्गात 100 पैकी 100च लागतात. एक दांडी पडली, उतरताना फळीच्या टोकावरच्या रंगीत पट्ट्यात पंजा पडला नाही, नेमलेल्या वेळेपेक्षा सेकंदभर जास्त लागला, की खेळ खलास. चॅम्पियनची पदवी हवी तर एकाच दिवशी स्टँडर्ड आणि जंपर्स या दोन्ही फेऱ्या निर्दोष, असे वीस दिवस, वर 750 गुण. वेळ शिल्लक राहील तितक्या सेकंदांचे गुण. हा हिशेब ज्याने मांडला तो माणूस कंजूष असणार.

शनिवार नुसता धुऊन निघाला. रविवारी स्टँडर्डच्या फेरीत चिंगी बोगद्यातल्या पावसाच्या ताशातून निघाली ती सुसाट. डॉगवॉकची एक फूट रुंदीची फळी तिने चार फुटांवरून अशी पार केली की वाऱ्याचं कोणी तिला सांगितलंच नव्हतं. मग सी-सॉ. बारा फुटांची फळी मधे कलते, टोक जमिनीला टेकेपर्यंत कुत्र्याने थांबायचं असतं. ती कलली, ओली होती, चिंगीचा मागचा पाय सरकला आणि टोक टेकायच्या आत तिने बाजूला उडी घेतली. परीक्षकाचा हात वर गेला. चिंगीला हात वर गेल्याचं काय. तिने उरलेले सहा अडथळे आधीपेक्षा जास्त आनंदाने केले आणि मला तिच्या मागे तेवढ्याच आनंदाने पळावं लागलं. खोटा आनंद तिने दुसऱ्याच उडीत पकडला असता. म्हणून तो खरा करावा लागतो, आणि गंमत म्हणजे पळता पळता तो होतोही.

दुपारची जंपर्सची फेरी निर्दोष झाली. आईने हिरवी फीत हातात घेऊन उलटसुलट केली.

“तिला काय मिळालं?”

“चीज.”

“आणि तुला?”

“हीच.”

“मग बरी आहे की ती तुझ्यापेक्षा,” आई म्हणाली आणि थर्मासमधला उरलेला चहा मला दिला.

तो पुरता प्यायला मिळाला नाही. इथे स्पर्धकच रिंगणातली कामं करतात आणि पुढच्या उंचीला दांड्या लावायची पाळी माझी होती. सोळा इंचांवरून बारावर आणल्या आणि कोपऱ्यातल्या ओल्या खुर्चीत बसले. पहिली आली एक आजीबाई, काठीच्या आधाराने फाटकापर्यंत, आत काठीशिवाय. तिची शेल्टी एकटीच लांबच्या उड्यांकडे सुटली. आजी रिंगणाच्या मध्यावर जवळजवळ उभीच होती. एकदा डावा खांदा किंचित मागे घेतला आणि चाळीस फुटांवर शेल्टी वळली. मी आजवर पाहिलेलं सगळ्यात स्पष्ट बोलणं ते. शेवटच्या उडीला वाऱ्याने म्हणा, शेपटीने म्हणा, दांडी पडली. आजी मोठ्याने हसली, कुत्रीला कवटाळून बाहेर गेली, आणि पुढची जोडी फाटकात उभी होती म्हणून मी दांडी उचलायला धावले.