सोयर आणि आशाताई



आमच्या घरचं सोयर फिटून आठवडा होतोय. सूनबाईचं हे दुसरं बाळंतपण, आणि यावेळी ते इथेच, रोहिणखेडला केलं. तिसऱ्या दिवशी आशाताई दारात आल्या, तर शेजारच्या काकू मला हळूच म्हणाल्या, "सोयरात बाहेरच्या बाईला बाळाला हात लावू देता?"

सोयर कशासाठी, ते आपल्याला माहीत आहे. दहा दिवस अभिषेक-पूजा नाही, मुनिराजांना आहार नाही. बाळाला कोणी तपासू नये, असं त्यात कुठेही नाही.

या गृहभेटींची सुरुवात गडचिरोलीतली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत, गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. तिथे हजारी साठाच्या वर बाळं पहिल्या महिन्यातच जात होती, ती तीन-चार वर्षांत पंचविसाच्या आसपास आली. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं आणि 2011 पासून देशभरच्या आशाताई हे काम करतात. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस.

आशाताईंनी आधी साबणाने हात धुतले. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण एवढ्याशा जिवाचा श्वास कधी भरभर, कधी थांबून चालतो. साठ किंवा त्याहून जास्त भरले, तर पुन्हा मोजायचे. तेवढेच आले तर दवाखाना. मग पोट आणि तळपाय हाताने पाहिले. पोट गरम पण पाय गार, म्हणजे बाळाला थंडी वाजतेय, आईच्या छातीशी धरा. तळहात-तळपाय पिवळे दिसले, बाळ दूध ओढेना किंवा मलूल पडलं, तर सकाळची वाट पाहायची नाही.

झोळीत घालून वजन केलं. जन्माचं 2 किलो 900, आता 2 किलो 750! मी बी.कॉम., आकडा घटला की जीव टांगणीला लागतो. पण सुरुवातीला एवढी तूट चालते म्हणे. चौदाव्या दिवशी 3 किलो 100 भरलं, तेव्हा कुठे मला झोप लागली. दूध पुरतंय की नाही, हे दुपट्यांवरून कळतं. आठवड्यानंतर दिवसाला सहा वेळा तरी शू हवी.

मध आपल्याला वर्ज्यच. वर्षाच्या आतल्या बाळाला त्याने गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून डॉक्टरही नको म्हणतात. पण आपल्या बायका त्याऐवजी गूळपाणी चाटवतात, घुटी देतात. तेही नको. सहा महिने गाळलेलं, उकळलेलं पाणीसुद्धा नको. पहिला चीक तर पिळून टाकायचाच नाही. नाळेला तेल-हळद नको, डोळ्यांत काजळ नको. शेगडीच्या धुराचं मात्र काकूंना अजून पटलेलं नाही.

पंचेचाळिसाव्या दिवशी बाळाला मंदिरात नेऊन कानात णमोकार सांगायचा आहे. आशाताईंची शेवटची भेट त्याच्या तीन दिवस आधी आहे.