रकाना आणि पाडा

अपराधाचा आरोप असलेल्या किंवा अपराध सिद्ध झालेल्या माणसाविषयी न्यायालयाला दोन निरनिराळ्या गोष्टी समजून घ्याव्या लागतात. त्याच्या हातून काय घडले ही पहिली, आणि तो कोणत्या घरातून, कोणत्या परिस्थितीतून आला ही दुसरी. पहिलीसाठी पोलीस, वकील, साक्षीदार आणि पुराव्याचा कायदा अशी मोठी यंत्रणा उभी आहे. दुसरीसाठी मात्र बहुतेक वेळा एकच माणूस असतो, तो म्हणजे परिविक्षा अधिकारी, आणि त्याच्या हाती एक छापील नमुना. परिविक्षा म्हणजे दोषी ठरलेल्या व्यक्तीला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर आणि गरज असल्यास देखरेखीखाली समाजात राहू देणे. अपराधी परिविक्षा अधिनियम १९५८ च्या कलम ४ नुसार असा निर्णय घेताना न्यायालयाने अधिकाऱ्याचा अहवाल आला असल्यास तो विचारात घ्यावयाचा असतो. कलम ६ तर एकवीस वर्षांखालील व्यक्तीला कारावास देण्यापूर्वी असा अहवाल मागवण्यास सांगते. अल्पवयीनांच्या बाबतीत, ज्यांना कायदा ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो, बाल न्याय अधिनियम २०१५ अन्वये बाल न्याय मंडळासमोर ‘सामाजिक चौकशी अहवाल’ ठेवावा लागतो, आणि त्यासाठी बालक मंडळासमोर प्रथम हजर झाल्यापासून पंधरा दिवसांची मुदत असते.

या कामाची परंपरा सांगताना बोस्टनच्या जॉन ऑगस्टस या चर्मकाराचे नाव घेतात, ज्याने १८४१ मध्ये एका दारुड्याची हमी स्वतःवर घेऊन त्याला न्यायालयातून सोडवून नेले. मुंबई प्रांतात त्यासाठीचा स्वतंत्र कायदा १९३८ मध्ये झाला. कायदा आणि नमुने राज्यभर सारखेच असले, तरी ते ज्या घरी न्यावयाचे ती घरे सारखी नसतात, आणि नंदुरबार जिल्ह्यात ही गोष्ट जितकी उघडपणे दिसते तितकी महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी दिसत असेल.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा सहा तालुक्यांचा असून २०११ च्या जनगणनेनुसार येथील दर दहा माणसांपैकी जवळजवळ सात अनुसूचित जमातींतील आहेत. तापीकाठच्या सपाटीवरील गाव आणि अक्कलकुवा किंवा अक्राणी तालुक्यातील सातपुड्याच्या कुशीतला पाडा यांत नुसते अंतर नाही, वस्तीची कल्पनाच वेगळी आहे. डोंगरातील भिल्ल आणि पावरा कुटुंबे आपापल्या शेतात घर बांधतात, त्यामुळे एकाच पाड्यातील दोन घरांमध्ये ओहोळ, उतार आणि मक्याचे शेत असते. आता अहवालात ‘शेजाऱ्यांचे मत’ असा रकाना असतो. भिंतीला भिंत लागलेल्या गल्लीत हा रकाना अर्ध्या तासात भरतो. पाड्यावर तो तसाच भरू पाहणारा अधिकारी ‘शेजार नाही, कुटुंब एकाकी’ असे लिहून मोकळा होतो, आणि डोंगरावर राहण्याची एक जुनी रीत मंडळाच्या टेबलावर पोहोचेपर्यंत त्या कुटुंबाचा सामाजिक दोष बनते. या प्रदेशात शेजारी कोण, हे भिंतीवरून ठरत नसून पेरणीला कोण मदतीला येते, लग्नात कोणाच्या घरून धान्य येते आणि मयताला कोण उभे राहते यावरून ठरते. म्हणून तो रकाना भरण्यासाठी प्रश्नच बदलावा लागतो.

घराच्या वर्णनाचेही तेच. ‘राहणीमान अस्वच्छ, माणसे व गुरे एकाच छताखाली’ हे वाक्य खोटे नसते, तरीही त्यातून काहीच कळत नाही, कारण त्यातले ‘अस्वच्छ’ हे विशेषण अधिकाऱ्याने आपल्या घरून सोबत आणलेले असते. त्याच घराविषयी असेही लिहिता येते: कुडाच्या भिंतींचे एक सलग घर, एका अंगाला दोन बैल आणि शेळ्या बांधण्याची जागा, दुसऱ्या अंगाला चूल, जमीन त्याच सकाळी सारवलेली, कणगीत मका, मुलाची शाळेची पुस्तके प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंदीर लागू नये म्हणून आढ्याला टांगलेली. दुसऱ्या वर्णनात अधिकाऱ्याने कोणाची बाजू घेतलेली नाही, केवळ पाहिले तेवढे मांडले आहे. पण त्या टांगलेल्या पिशवीवरून न्यायाधीशाला स्वतःचा निष्कर्ष काढता येतो, आणि निष्कर्ष काढण्याचा अधिकार ज्याचा आहे त्याच्याकडे तो राहतो. या कारागिरीचे मर्म, जर ते एका जागी सापडत असेल, तर पाहिलेले, ऐकलेले आणि स्वतःला वाटलेले यांची सरमिसळ होऊ न देण्यात आहे. ‘वडिलांना दारूचे व्यसन’ हा शेरा मोहाच्या झाडांच्या मुलखात तर विशेष जपून लिहावा लागतो. देवाच्या आणि लग्नाच्या कार्यात मोहाची धार पडते त्या घरातील माणूस आणि मजुरीचे पैसे रोज गुत्त्यावर घालणारा माणूस या दोघांना एकच शब्द लावला, तर मुलाला घरी पाठवावे की निरीक्षणगृहात ठेवावे हा प्रश्न चुकीच्या आधारावर सुटतो.

पंधरा दिवसांच्या मुदतीची खरी कसोटी दिवाळीनंतर लागते. ऊसतोडीच्या हंगामात असंख्य कुटुंबे उचल घेऊन, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेऊन, गुजरातेत सुरत-बारडोलीच्या बाजूला जातात आणि होळीच्या सुमारास परततात. अशा वेळी पाड्यावर पोहोचलेल्या अधिकाऱ्याला दाराला बांधलेली दोरी दिसते, फार तर एखादी म्हातारी आजी भेटते. ‘पालक चौकशीस अनुपस्थित, मुलाविषयी बेफिकीर’ हे वाक्य इथूनच जन्म घेते, आणि ते अन्यायाचे आहे, कारण ज्या उचलीमुळे आईबाप घरी नाहीत तीच उचल अनेकदा त्या मुलाच्या बहिणीच्या लग्नाची किंवा कोणाच्या आजारपणाची असते. अशा अहवालात पालक कुठे, कोणत्या कामावर, कोणाच्या टोळीत आहेत, त्यांच्याशी फोनवर बोलणे झाले का आणि ते कधी परतणार, हे लिहावे. मुदतीत जेवढे कळले तेवढे सादर करून पूरक अहवालाची परवानगी मागावी. अपुरा अहवाल अपुरा म्हणून देण्यात कमीपणा नाही. रिकामी जागा अंदाजाने भरण्यात मात्र मोठा धोका आहे.

वयाचा रकाना वरवर सर्वांत सोपा वाटतो. कायद्याने शाळेच्या दाखल्याला पहिल्या प्रतीचा पुरावा मानले आहे, तो किंवा परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र नसेल तर स्थानिक संस्थेचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. पण महाराष्ट्रातील ग्रामीण शाळांच्या दाखल-खारीज नोंदवह्या ज्याने चाळल्या आहेत त्याला १ जून ही जन्मतारीख पानोपानी भेटते. जन्माची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत घेताना गुरुजींनी वर्षाचा अंदाज बांधावा आणि तारीख शाळेच्या हंगामाची घालावी, हा तेव्हा सोयीचा आणि मुलाच्या हिताचाच उपाय होता. पुढे हीच तारीख तो अठराच्या आत की बाहेर, मंडळासमोर की सत्र न्यायालयासमोर, हे ठरवते. दाखल्याचे मोल ठरवणे मंडळाचे काम आहे, अधिकाऱ्याचे नाही. मात्र आई ज्या घटनांवरून वय मोजते, म्हणजे अमुक होळीला तो पोटात होता, धाकटी झाली त्या वर्षी पाऊस नव्हता, त्या घटना तिच्याच क्रमाने लिहून ठेवल्या तर मंडळाला ताळा पाहण्यास काही तरी हाती लागते.

आणि आई हे सांगते कोणत्या भाषेत? अहवाल मराठीत असतो. घरात पावरी, भिलोरी, मावची किंवा देहवाली बोलली जाते. मध्ये दुभाषा म्हणून बसलेला नातेवाईक बहुधा मोडकी मराठी किंवा अहिराणी बोलतो. आई पाच मिनिटे बोलते, हाताने डोंगराकडे दाखवते, मध्येच थांबते, पुन्हा बोलते. आणि दुभाषा सांगतो, ‘तिला काही माहीत नाही.’ त्या क्षणी अधिकाऱ्याने पेन खाली ठेवावे, पुन्हा विचारावे, दुसऱ्या कोणाला तरी बसवावे, आणि कोणत्या भाषेत, कोणामार्फत जबाब समजून घेतला हे अहवालातच नमूद करावे. दुभाषा फिर्यादी पक्षाचा भाऊबंद निघाल्यास त्या रकान्यातील प्रत्येक शब्दाचे वजन बदलते.

या सर्व अडचणी एकत्र येतात त्या तरुण मुलामुलींच्या पळून जाण्याच्या प्रकरणांत. भिल्ल आणि पावरा समाजांत दोघांनी निघून जाणे, मग पंचांनी बसून मुलीच्या बापाला द्यावयाचे देज ठरवणे आणि लग्न मान्य करणे, ही रीत जुनी आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर मात्र पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे तिच्या संमतीला अर्थ उरत नाही, आणि मुलगा सोळा ते अठरा वर्षांचा असल्यास, गुन्ह्याची किमान शिक्षा सात वर्षे किंवा त्याहून अधिक असल्यामुळे, मंडळाला बाल न्याय अधिनियमाच्या कलम १५ खालील प्राथमिक मूल्यांकन करावे लागते; म्हणजे त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि घटनेची परिस्थिती पाहून त्याचा खटला प्रौढासारखा चालवावा का हे ठरवावे लागते. येथे ‘आदिवासी रूढीप्रमाणे घडले’ एवढेच लिहिणे मुलीवर अन्याय करू शकते, कारण रूढीच्या नावाखाली जबरदस्तीही लपते. आणि रूढीचा उल्लेखच गाळणे मुलावर अन्याय करते. दोघे कधीपासून ओळखतात, कोण कोणाच्या घरी राहिले, पंच बसले का, देज ठरले का, ते मोडले म्हणून तक्रार झाली का, आणि मुलीला कोणाच्याही उपस्थितीविना विचारले असता ती काय म्हणाली, ही माहिती तारखांसह मांडणे एवढेच अधिकाऱ्याच्या हाती असते, आणि ते पुष्कळ असते.

एका शब्दाविषयी या जिल्ह्यात लिहिणाऱ्याने कायम सावध असावे. खानदेशातील भिल्लांना ब्रिटिश कागदपत्रांनी लुटारू ठरवले, १८२५ मध्ये औटरम या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यांच्यातूनच भिल्ल पलटण उभी केली, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या नावालाच गुन्ह्याचा वास लावण्याची पद्धत सुरू केली, जी पुढे देशभर पसरली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. कारागृहाच्या नोंदवह्यांतील जातीचे रकाने काढून टाकण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिला. तरीही ‘गुन्ह्याची कारणे’ या शीर्षकाखाली जमातीचे नाव आजही सहज उतरते. जमात ही कुटुंबाची भाषा आणि रीत समजण्यासाठीची माहिती आहे. ‘कारणे’ या रकान्यात तिला जागा नाही.

अपराधी परिविक्षा अधिनियमाच्या कलम ७ नुसार हा अहवाल गोपनीय असतो, पण न्यायालय त्याचा सारांश संबंधित व्यक्तीला सांगून तिचे म्हणणे मांडण्याची संधी देऊ शकते. प्रत्येक वाक्य लिहिताना ही शक्यता समोर ठेवली, की ज्याच्याविषयी लिहिले त्याच्यासमोर वाचता येणार नाही असे वाक्य हातून उतरत नाही.

शिफारशीचा भाग बहुतेक अहवालांत दोन ओळींत आटोपतो, आणि तेथेच पुढच्या अपयशाचे बी पडते. देखरेखीचा आदेश किमान एक वर्षाचा असतो. अटी मोडल्यास कलम ९ प्रमाणे न्यायालय दंड करू शकते किंवा मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकते. धडगावच्या वरच्या पाड्यावर राहणाऱ्या, हंगामात बारडोलीला असणाऱ्या मजुराला दर महिन्याला नंदुरबारच्या कार्यालयात हजेरी लावण्याची अट सुचवणे म्हणजे ती मोडली जाण्याचीच व्यवस्था करणे होय. त्याऐवजी शिफारशीत असे लिहिता येते: परिविक्षाधीन व्यक्ती दिवाळी ते होळी कामासाठी राज्याबाहेर असेल, त्या काळात मुकादमाच्या फोनवरून महिन्यातून एकदा संपर्क, परतल्यावर, मीठ-मिरची आणायला घरचे डोंगर उतरून येतातच त्या आठवडे बाजाराच्या दिवशी, तालुक्याच्या गावी प्रत्यक्ष भेट.