विचारायला लाज कसली?

सुट्टीत लेकीच्या हट्टाखातर पुण्यात पोके खायला गेले. हवाई बेटांवरचा हा पदार्थ. आपल्याकडे मिळतो तो भातावर कच्च्या ट्यूनाचे तुकडे, तीळ आणि सॉस घालून. मासळी हलालच, म्हणून मी निर्धास्त होते. लेकीने मात्र काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "दादा, सॉसमध्ये दारू आहे का?"

मागे रांग होती. मला अवघडल्यासारखं झालं. त्याने बाटलीवरचं लेबल वाचलं. "मिरिन आहे, मॅडम. तांदळाची गोड दारू." मग न कुरकुरता नवा वाडगा, नवा चमचा घेतला, सॉसऐवजी तिळाचं तेल नि लिंबू घातलं.

वर्गात मी रोज सांगते, शंका विचारा, लाजू नका. त्या दिवशी लेकीने विचारलं. मी रांगेकडे बघत राहिले. बिस्मिल्लाह म्हणून निश्चिंत मनाने घास घेतला, तो तिच्यामुळे.