शेवटचं कुणी पाहिलं?

३ जानेवारी २०२३, मंगळवार

पेपरात आतल्या पानावर बातमी आहे. केंद्राच्या यादीतली पन्नास संरक्षित स्मारकं जागेवर नाहीत. डिसेंबरात संसदेत मांडल्या गेलेल्या स्थायी समितीच्या अहवालात हे आलं आहे. चौदा स्मारकं शहरांच्या वाढीत गेली, बारा धरणांच्या पाण्याखाली, आणि उरलेल्या चोवीसांचा ठावठिकाणाच लागत नाही. त्या चोवीसांत आमच्या गावचं एक आहे : ‘जुनी युरोपियन कबर, पुणे’.

पत्ता म्हणून एवढंच. पेठ नाही, रस्ता नाही, आत कोण निजलं आहे त्याचं नावही नाही. दिवसभर तेच डोक्यात होतं. पुण्यात सत्तर वर्षं काढली आणि ही कबर मी कधी ओलांडून गेलो असेन का, ते मला सांगता येत नाही.

४ जानेवारी, बुधवार

भाच्यानं अहवाल मिळवून दिला. चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला आणि पेन्सिल घेऊन बसलो.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे ३,६९३ स्मारकं आहेत. सुरक्षेसाठी माणसं लागतात ७,०००. नेमता आली २,५७८, तीही फक्त २४८ ठिकाणी, कारण पैसा नाही. समासात वजाबाकी केली : ३,४४५. इतक्या ठिकाणी एकही सुरक्षारक्षक नाही.

माझी उभी नोकरी एका जिल्हा कार्यालयाच्या आस्थापना शाखेत गेली. मंजूर पदं, भरलेली पदं, रिक्त पदं हे तीन रकाने मी दर महिन्याला भरत आलो. रिक्त पदाचं खरं नुकसान त्या रकान्यात कधीच दिसत नाही. काम थांबलं की ओरड होते, मग ‘अतिरिक्त कार्यभार’ देऊन वेळ मारून नेता येते. पण ज्या पदाचं काम नुसतं लक्ष ठेवण्याचं आहे ते रिकामं राहिलं, तर ओरडणार कोण? दगड अर्ज करत नाहीत.

५ जानेवारी, गुरुवार

मूळ धागा मागचा आहे. २०१३ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालात हे मांडलं गेलं. तेव्हा यादीत ३,६७८ स्मारकं होती. त्यांतली १,६५५ लेखापरीक्षकांनी खात्याच्या माणसांना बरोबर घेऊन प्रत्यक्ष जाऊन पाहिली, आणि ९२ सापडली नाहीत. म्हणजे अठरांत एक. पुढे शोधाशोध झाली, ४२ चा पत्ता लागला, राहिली ५०.

मला यात सगळ्यात मोठं वाटतं ते लेखापरीक्षकांचं उठून जाणं. हिशेब तपासणारी माणसं कागद सोडून जागेवर गेली म्हणून हे कळलं. खाली बसून पाहिलं असतं, तर यादी पूर्ण होती, अधिसूचना फायलीला लावलेल्या होत्या.

आमच्या कार्यालयातही एकदा विधिमंडळाची समिती आली होती. दोन रात्री जागून प्रश्नावलीची उत्तरं तयार केली. एका नोंदवहीविषयी प्रश्न होता. ती वही चार वर्षांत कुणी उघडली नव्हती. मी ‘कार्यवाही सुरू आहे’ असं लिहिलं. समितीतल्या एका आमदारबाईंनी शांतपणे विचारलं, ‘वही आणता का?’ साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तो क्षण अजून अंगावर येतो. पुढच्याच महिन्यात ती वही लिहायला घेतली आणि निवृत्त होईपर्यंत एकही महिना सोडला नाही.

म्हणून समित्यांना दात नसतात असं कुणी म्हणालं की मला पटत नाही. १९९३ पासून संसदेत खात्यांवर नजर ठेवणाऱ्या या स्थायी समित्या आहेत. एकेकीत ३१ खासदार, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. त्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, पण तीन महिन्यांत काय केलं ते लेखी कळवावं लागतं. सचिवांना समोर बसून उत्तरं द्यावी लागतात. सभागृहात गोंधळ असतो, इथे दार लावून काम चालतं. पुरातत्त्वासारखं खातं एरवी कुणाच्या भाषणात येतं?

८ जानेवारी, रविवार

गावाबाहेरच्या एका लेण्यावर गेलो. नाव लिहीत नाही, तिथल्या माणसाला त्रास नको.

पायथ्याशी निळी पाटी. खिळ्यांभोवती गंज धरला आहे, पण अक्षरं वाचता येतात : १९५८ चा कायदा, राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक. शिक्षेचा आकडा पाच हजार आणि तीन महिने असा जुनाच. २०१० च्या दुरुस्तीनं तो एक लाख आणि दोन वर्षं झाला, तो इथवर चढून आलेला नाही.

राखणीचा माणूस झाडत होता. पन्नाशीचा, कानाला मफलर. म्हणाला, ‘मी तीन जागा बघतो काका. इथं माझे दोनच वार.’ पाणी दिलं, मग पिशवीतून शंभर पानी वही काढून दाखवली. निळ्या शाईत, गिचमिड अक्षरात : ‘पाऊस फार. टाकं भरलं. डाव्या बाजूला आग्या मोहोळ. खांब तीनची कड निघाली, तुकडा आत ठेवला.’ प्रत्येक नोंदीखाली तारीख.

‘ही कुणाला द्यावी लागते?’

‘कुणी मागत नाही. पण लिहिलेलं बरं. उद्या मी नसलो तर पुढच्याला कळायला नको?’

तो तुकडा त्यानं दाखवला. तळहाताएवढा, गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेला. आत्ता हे लिहितानाही मन भरून येतं आहे.

११ जानेवारी, बुधवार

खासदारांना पत्र लिहिलं. कबर शोधा अशी मागणी केली नाही. एवढंच लिहिलं की प्रत्येक संरक्षित स्मारकापुढे ‘शेवटचं प्रत्यक्ष पाहिल्याची तारीख’ आणि ‘पाहणाऱ्याचं नाव’ असे दोन रकाने यादीत असावेत, आणि हा प्रश्न कृपया सभागृहात विचारावा. दोन रकान्यांना खर्च येत नाही. रजिस्टर पोस्टानं पाठवलं.

२६ मार्च २०२४, मंगळवार

काल धुळवड झाली. आज बातमी : अठरा स्मारकं यादीतून काढणार. फरिदाबादजवळच्या मुजेसरचा कोस मिनार, दिल्लीची बाराखंबा दफनभूमी, वाराणसीतले तेलिया नाल्याचे बौद्ध अवशेष. वाटसरूला अंतर सांगायला उभा केलेला मिनार, आणि तो कुठे होता हे आता कुणाला दाखवता येत नाही.

कायदा काढून पाहिला. कलम ३५. स्मारकाचं ‘राष्ट्रीय महत्त्व संपलं’ असं सरकारचं मत झालं, तर ते वगळता येतं. यादीतून बाहेर पडायची वाट तेवढीच. ‘सापडत नाही’ असं लिहायला कायद्यात जागाच नाही. महत्त्व संपलेलं नाही हो. राखायला माणूस नव्हता.

पत्राची पोच आली होती, उत्तर नाही. आज दुसरं लिहिलं.

दुपारी लेण्यावर गेलो. राखणीचा माणूस नव्हता, त्याचा वार नसेल. कोपऱ्यातलं गोणपाट उघडून पाहिलं आणि माझ्या वहीत नोंद केली : ‘२६ मार्च २०२४, सायंकाळी सव्वाचार. लेणं जागेवर. खांब तीनचा तुकडा आहे.’ खाली सही केली.