निघालो कासला, पोचलो लिंबच्या विहिरीवर

आम्हा कोरेगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांचे फिरणे म्हणजे पंढरपूर, जोतिबा, नाहीतर शिखर शिंगणापूर. जिथे देव नाही तिथे गाडीभाडे भरून जायचे, हे आमच्या घरात कधी घडले नव्हते. ते गेल्या सप्टेंबरात घडले.

कारण सौभाग्यवतींचा हट्ट. लग्नाला सव्वीस वर्षे झाली, कासचे पठार कोरेगावपासून पन्नास किलोमीटरही नाही, साऱ्या मुंबई-पुण्याने ते पाहिले आणि आपण नाही, हे तिचे म्हणणे. खोटे कसे म्हणणार? 2012 साली पश्चिम घाटाबरोबर कासचे नाव जागतिक वारशात गेले. साडेआठशेच्या आसपास जातींच्या फुलझाडांची तिथे नोंद आहे. आणि माती म्हणाल तर कातळावर बोटभर! तुम्ही आम्ही तिच्यात कुळीथसुद्धा पेरणार नाही.

वाघ्या घेवडा काढणीला आला होता. अंगावर वाघासारखे पट्टे असलेला, भौगोलिक मानांकन मिळालेला हा आमच्याकडचा घेवडा. काढणी सुरू होण्याआधी एक रविवार मोकळा होता. तो गेला की बेत पुढच्या वर्षावर. म्हणून भावकीतल्या एकाची जीप सांगितली. आईलाही बरोबर घेतले. खरे सांगतो, तिला काही दाखवावे म्हणून नव्हे. घरी तिच्याजवळ कोणी नव्हते म्हणून.

दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदे असे बांधून निघालो. माहुलीचा संगम, सातारा, मग यवतेश्वरचा घाट. वर पोचेतो धुके असे दाटले की पुढच्या गाडीचा दिवा दिसेना. गाड्यांची रांग संपता संपेना. शेवटी गेटावरच्या पोराने विचारले, "काका, नोंदणी केलीय का?"

आम्हाला वाटले होते, एस. टी. सारखे पोचायचे आणि तिकीट काढायचे. तिथे हंगामात दिवसाला ठरावीक माणसेच सोडतात, आणि शनिवार-रविवारची नोंदणी लोक मोबाइलवर आधीच करून बसलेले असतात. चूक आमचीच. पोराचेही काही चुकले नाही. आपल्या उभ्या पिकात कोणी शिरले तर आपण काठी घेऊनच धावतो की!

सौ. काही बोलली नाही. तिने चार शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते. परतताना रस्त्याकडेला जीप थांबवून दशम्या खाल्ल्या. चरीच्या कडेला सोनकी आणि तेरडा फुलला होता. ती खाली उतरली, पाच मिनिटे पाहत उभी राहिली, आणि येऊन बसली.

साताऱ्यात आल्यावर जीपवाला म्हणाला, "लिंबची बारा मोटांची विहीर बघायची का? पुण्याच्या वाटेला पंधरा-सोळा किलोमीटर." कोणाचाच उत्साह नव्हता. आई तर म्हणाली, "हिरीत काय बघायचं? जल्म गेला हिरीवर."

पण विहीर पाहिली आणि सगळेच गप्प झालो. आठ कोनांची दगडी विहीर, व्यास 50 फूट, खोली 110 फूट. साताऱ्याच्या राजघराण्यातल्या वीरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात ती बांधून घेतली. पायऱ्या उतरून गेले की आत दगडात कोरीव काम केलेला छोटा महालच आहे. भोवतालच्या आमराईतल्या 3300 झाडांना पाणी मिळावे म्हणून ही विहीर केली, असे सांगतात.

आम्ही खाली उतरलो. गुडघ्यांमुळे आई वरच राहिली. परत येऊन पाहतो तो तिच्याभोवती पुण्याची दोन कुटुंबे उभी! ती हात करून सांगत होती, "हितं चाक बसायचं. ह्यो थारोळ्याचा दगूड, हितं मोट रिती व्हायाची. तिकडं धाव. बैलं खाली जाताना मोटकरी नाड्यावर बसायचा, म्हंजी भार पडतोय."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आरं, बारा मोटा म्हंजी चोवीस बैलं. त्येंची वैरण कोण कापत हुतं, त्येचं नाव लिवलंय का कुठं?"

सौ. तिच्याजवळ बसली. "आत्याबाई, तुम्ही काय करायचा मोटेवर?"

"मी दारं धरायची. बा मोट हाकायचा, मी वाफ्यात पाणी वळवायची. दुसरीतनं शाळा सुटली ती त्याच्यापायीच. पुढं बानं कुपरचं इंजान आणलं, मोट बंद झाली. पर त्याच साली माझं लगीन केलं. मग शाळंत कोण घालतंय?"

कूपरचा कारखाना आमच्याच तालुक्यातला, सातारा रोडचा. त्याच्या नांगर-इंजिनांची थोरवी मी भाषणात सांगितलेली आहे. आईची शाळा का सुटली, हे मात्र पन्नाशी उलटली तरी मी तिला विचारले नव्हते.

दोघी तिथे तासभर बसल्या. मी आणि जीपवाला चहा पिऊन आलो तरी बोलणे चालूच होते. परतताना जरंडेश्वराच्या डोंगरावर ढग उतरले होते आणि मला शेतातल्या घेवड्याची काळजी लागली. मागच्या बाकावर सौ. मोबाइल आईच्या हातात देऊन कासची फुले दाखवत होती.

"पुढच्या भादव्यात आदी नाव घाला," आई म्हणाली. "तिघांचं घाला."