गृहपाठ खाणारा कुत्रा

थाप मारायची तर साक्षीदार मुका हवा. ‘द डॉग एट माय होमवर्क’ या इंग्रजी सबबीची सगळी गंमत तिथंच आहे. वही फाटली म्हणावं, तर बाई फाटकी वही मागणार. पावसात भिजली म्हणावं, तर निदान तिचा लगदा तरी दाखवावा लागणार. कुत्र्यानं खाल्ली म्हटलं, की पुरावा थेट त्याच्या पोटात! नाचता येईना म्हणून आपण अंगणाला नावं ठेवतो खरं, पण अंगण दोरी लावून मोजता येतं.

एवढी बिनतोड सबब, पण ती कुणालाच पटत नाही. वापरून वापरून ती इतकी गुळगुळीत झाली, की इंग्रजीत आता ती दुसऱ्याची थाप उघडी पाडायलाच कामी येते. १९८८ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्पी कारभाराला हाच टोमणा मारला होता. तिथं ना कुत्रा होता, ना वही.

अमेरिकेतल्या वेल्श मंडळींच्या ‘द केम्ब्रियन’ मासिकात १९०५ मध्ये एक किस्सा आला होता. पाहुणे पाद्री प्रवचन संपवून चर्चच्या कारकुनाला भीतभीत विचारतात, ‘‘फार आखूड तर झालं नाही ना?’’ निघताना कुत्र्यानं काही पानं खाल्लेली असतात. कारकून म्हणतो, ‘‘छे हो! त्या कुत्र्याचं एखादं पिल्लू आमच्या पाद्रीबुवांना द्याल का?’’ या सबबीवर याहून फक्कड विनोद नंतर कुणाला साधला असेल, असं मला वाटत नाही.

आणि जॉन स्टाइनबेकच्या घरी तर हे खरोखरच घडलं. १९३६ मध्ये टोबी नावाच्या त्याच्या पिल्लानं, एका रात्री घरात एकटं असताना, ‘ऑफ माइस अँड मेन’च्या हस्तलिखिताच्या निम्म्या भागाच्या चिंध्या केल्या. दुसरी प्रत नव्हती. दोन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. स्टाइनबेकनं त्याला माश्या मारायच्या फटकीनं जुजबी चोप दिला आणि वर, पिल्लानं कदाचित समीक्षाच केली असेल, अशी मखलाशीही केली. कादंबरी १९३७ मध्ये प्रसिद्ध झाली.

तेव्हा बाई, एखादं पोर रडवेलं होऊन हीच सबब सांगू लागलं, तर हसण्याआधी घरी पिल्लू आहे का, एवढं जरूर विचारा.